मीटर गप्प बसेपर्यंत

शनिवार, रात्र

माझ्या मॉडेल रेल्वेतल्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं बॉयलर आज अखेर उतरवलं. आत मोटरवर काळ्या धुळीचा थर आणि गिअरमध्ये वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस. हे इंजिन मला डिजिटल करायचंय, म्हणजे आत डीकोडर ही छोटी चिप बसवून तिच्या हुकमावर मोटर चालवायची. डिजिटल करायचं तर मोटरच बदलून टाक, असं बरेच जण सांगतात. नवी मोटर करंट कमी खाते, हे मलाही मान्य आहे. पण मला हीच ठेवायची आहे. एका टोकाला जाडजूड चुंबक, मध्ये उघड्यावर फिरणारं आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला गाभा. चालताना तिचा जो खर्जातला आवाज येतो, तो गेला तर हे इंजिन माझ्यासाठी दुसरंच कुठलं तरी होईल.

डीकोडरला हात लावण्याआधी इंजिन साध्या डीसीवर, म्हणजे रुळातून थेट मोटरला जाणाऱ्या करंटवर, नीट पळायला हवं, हा माझा हट्ट आहे. अडखळणारं इंजिन डिजिटल केलं तरी अडखळतंच. म्हणून संध्याकाळभर फक्त साफसफाई केली. कम्युटेटर म्हणजे आर्मेचरवरचं तांब्याचं कडं, त्याच्या फटींमध्ये कार्बन ठासून बसला होता, तो टूथपिकने उकरला आणि स्पिरिटने पुसून काढला. मग 12 व्होल्ट देऊन चाकं क्षणभर बोटांनी घट्ट धरली आणि अँपिअर मोजले. सफाईआधी 1.3 होते, आता 0.8. माझा डीकोडर सलग 1 अँपिअर सोसतो, म्हणजे निभावेल. हे माप न घेता डीकोडर विकत घेऊ नये.

रविवार, दुपार

आज खरं काम. फिरत्या आर्मेचरला करंट पोचवणारे या मोटरचे दोन्ही ब्रश एकच स्प्रिंग दाबून धरते. स्प्रिंगच्या एका टोकावर इन्सुलेशनची बारीक नळी आहे, दुसरं टोक उघडं. उघड्या टोकाकडचा ब्रश मोटरच्या अंगाला जोडलेला, मोटर चासीला आणि चासी चाकांमधून उजव्या रुळाला. डाव्या रुळाचा करंट टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याच्या, चाकांतून येतो. डीसीवर ही सोय उत्तम, एक तार वाचते. डीसीसीवर, म्हणजे डिजिटल पद्धतीत, मात्र रुळांत सतत 14-15 व्होल्ट उलटसुलट वाहत असतात आणि मोटरला किती द्यायचं ते डीकोडर ठरवतो. ब्रश चासीला टेकलेलाच राहिला, तर रुळातला करंट मागच्या दाराने थेट डीकोडरच्या आउटपुटमध्ये शिरतो आणि डीकोडर जळतो.

तेव्हा दुसऱ्या टोकावरही नळी चढवली. दोन मिलिमीटरचा तुकडा, चिमट्यात धरून तीनदा निसटला, चौथ्यांदा बसला. मग तारा. लाल चासीला, काळी टेंडरकडे, नारिंगी आणि करडी दोन ब्रशना. एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या अमेरिकी संघटनेने हे रंग ठरवून दिले आहेत, त्यामुळे डीकोडर कुठल्याही कंपनीचा असो, गोंधळ होत नाही. सोल्डरच्या प्रत्येक डागावर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळून बसणारी नळी, घातली. डीकोडर टेंडरमध्ये ठेवला, कारण बॉयलरमध्ये जागाही नाही आणि मोटरची धग वेगळीच. इंजिन आणि टेंडर यांच्यामधल्या तारा वळणावर ताणल्या जाऊ नयेत म्हणून थोड्या सैल सोडल्या.

डीकोडरचा प्लग न जोडता मल्टिमीटर लावला; दोन ठिकाणं एकमेकांना टेकलेली असली की तो बीप करतो. ब्रश आणि चासी, काही आवाज नाही. हायसं वाटलं. बॉयलर चढवून स्क्रू आवळला आणि सहज पुन्हा मीटर टेकवला, तर बीप!

तासभर शोधत होतो. बॉयलर काढलं की मीटर गप्प, चढवलं की बीप. शेवटी टॉर्च मारून तिरक्या कोनातून पाहिलं तेव्हा दिसलं. नारिंगी तारेच्या डागाचं टोक किंचित वर आलं होतं आणि ओतीव धातूच्या बॉयलरला आतून टेकत होतं. केसाएवढं. उघड्या चासीवरच तपासून मोकळा झालो असतो, तर रुळावर ठेवल्या ठेवल्या डीकोडर गेला असता. टोक घासून सपाट केलं, बॉयलरला आतून कॅप्टॉन टेप (वीज न जाऊ देणारी, उष्णता सोसणारी) लावली. आता चढवूनसुद्धा मीटर गप्प. इंजिन हलवून, उलटं करून, चाकं फिरवून पाहिलं. गप्प.

रविवार, रात्र

आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डीकोडरची सेटिंग्ज वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर, ठेवलं. तिथे करंट अगदी मर्यादित असतो, काही चुकलं असेल तरी डीकोडर वाचण्याची शक्यता जास्त. डीकोडरचा मूळचा पत्ता, म्हणजे हाक मारायचा नंबर, 3 वाचला गेला. तो वाचला गेला म्हणजे मोटरपर्यंतच्या तारा ठीक आहेत. डीकोडरच्या नंबर दिलेल्या सेटिंग्जना सीव्ही म्हणतात; सीव्ही 2 मध्ये सुरुवातीचा व्होल्टेज थोडा वाढवला, सीव्ही 3 आणि 4 मध्ये वेग चढायला-उतरायला वेळ दिला.

मग मुख्य रुळावर. वेगाच्या 28 पायऱ्यांपैकी पहिल्या पायरीवर नुसती गुणगुण. दुसऱ्या पायरीवर जोडदांडा हलला, वर आला, आणि चाक फिरायला लागलं. इतकं सावकाश की आरे एकेक करून मोजता येत होते. डीसीवर हे इंजिन असं कधीच चाललं नव्हतं. एक तर थांबलेलं, नाही तर सुसाट. मी खुर्ची ओढून रुळाच्या उंचीवर डोळे आणले आणि पूर्ण फेरी होईपर्यंत तसाच बसून राहिलो. तो खर्जातला आवाज आहे, जरा बारीक झालाय, पण आहे.

समोरचा दिवा राहिला. निळी आणि पांढरी तार टेपमध्ये गुंडाळून टेंडरमध्ये ठेवली आहे. जुन्या बल्बचंही एक टोक अंगालाच जोडलेलं आहे, तेव्हा पुढच्या शनिवारी पुन्हा बॉयलर उतरवायचं.