पोलोचे शॉक बदलण्यापूर्वी

मंगळवार, रात्री

माझी २०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय लाख किलोमीटरच्या पुढे गेली आहे आणि तिचे चारही शॉक अ‍ॅब्झॉर्बर (स्प्रिंगचे उसळणे आवरणाऱ्या तेलाच्या नळ्या) अजून मूळचेच आहेत. पुढच्या डाव्या शॉकवर तेलाचा ओलसर थर आला आहे. पसरणी घाटात वळणाच्या ऐन मध्यावर उंचवटा आला की गाडीचे नाक एकदा बसून थांबत नाही; ते पुन्हा उठते, पुन्हा बसते, आणि तेवढ्या वेळात पुढच्या चाकांची पकड कमीजास्त होत राहिल्याने स्टिअरिंगवरच्या हातांना सतत थोडी थोडी दुरुस्ती करावी लागते. शॉक बदलायचे, हे ठरलेलेच आहे. गाडी नवी असताना होती तशी करायची की त्याहून चांगली करायची, आणि चांगली म्हणजे नेमकी कशी, याचा निर्णय मात्र मला या आठवड्यात घ्यायचा आहे.

१.२ लिटरचे छोटे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क हे आकडे आज फार मोठे वाटत नाहीत. पण चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या या सुमारे अकराशे किलोंच्या गाडीला ते भरपूर होतात. चढावर ती ज्या तडफेने निघते, त्या तडफेला साजेसे सस्पेन्शन तिला मुळात मिळालेच नव्हते, असे मला पहिल्या वर्षापासून वाटत आले आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच उभ्या खांबात) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा, पीळ घेणारा आडवा दांडा) ही रचना साधी आणि टिकाऊ आहे. तिच्यात दोष नाही. स्प्रिंग आणि शॉक मात्र सर्वांना चालतील असे, मऊपणाकडे झुकणारे निवडलेले आहेत.

ही गाडी सर्किटवर जाणार नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा विचार त्यावर उभा आहे. आठवडाभर तिला कोथरूडहून हिंजवडीला जायचे असते, सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन वाईला, आणि पाऊस उघडला की ताम्हिणी किंवा वरंध घाटातून कोकणात. आई मागच्या सीटवर बसते आणि तिची कंबर दुखते. तेव्हा जे सस्पेन्शन मला वळणात आनंद देईल, पण तिला वाईपर्यंत अवघडून बसायला लावील, ते माझ्या दृष्टीने चांगले सस्पेन्शन नव्हे.

रस्त्यांचाही विचार करायला हवा. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा, म्हणजे तो ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता येतो. प्रत्यक्षात आपल्या सोसायट्यांपुढे आणि गावांच्या वेशीवर जे उभे आहेत, त्यांतले कित्येक जेमतेम हातभर रुंद आणि भिंतीसारखे उभट असतात. त्यांच्यावरून जाताना गाडीखालची मोकळी जागा आणि चाकाला वर जायला मिळणारी वाट या दोन्ही गोष्टी लागतात. माझ्या पोलोची जमिनीपासूनची उंची १६८ मिलिमीटर आहे. चार माणसे आणि सामान भरले की ती लगेच कमी होते.

गुरुवार

एका मित्राचा आग्रह आहे की शॉक बदलतोच आहेस, तर गाडी तीस मिलिमीटर खाली बसव; दिसतेही देखणी आणि वळतेही छान. दिसण्याबद्दल त्याच्याशी माझा वाद नाही. वळण्याबद्दल मात्र मी आज कागद घेऊन बसलो.

वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जो भार सरकतो, तो गाडीचे वजन, वळणातला वेग, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधील अंतर यांवर ठरतो. स्प्रिंग कितीही कडक केली तरी एकूण सरकणारा भार कमी होत नाही. गाडी कलते कमी, इतकेच. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटरवर आहे असे धरले आणि गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, तर हा भार साधारण साडेपाच टक्क्यांनी कमी होतो. हा फायदा खरा आहे, पण लहान आहे. त्याच्या बदल्यात चाकाला वर जाण्यासाठी समजा ८० मिलिमीटर वाट होती, तर ती ५० वर येते. साडेपाच टक्के मिळवण्यासाठी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वाट द्यायची, हा व्यवहार गुळगुळीत सर्किटवर कदाचित पटेल. वाईच्या रस्त्यावर तो मला पटत नाही. वाट संपली की शॉक बंप स्टॉपवर, म्हणजे अखेरच्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो आणि त्या क्षणी स्प्रिंग अनेक पटींनी कडक झाल्यासारखी वागते. वळणाच्या मध्यावर हे घडले तर त्या चाकाची पकड अचानक सुटते.

मॅकफर्सन स्ट्रटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोक लक्षात घेतात. गाडी खाली आली की लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) चाकाकडचे टोक वर जाते. तो आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे गेला, की ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली सरकतो. दोहोंतले अंतर वाढते, म्हणजे गाडीला कलवणारा जोर वाढतो. गाडी कमी कलावी म्हणून ती खाली आणायची आणि मग ती अधिक कलू नये म्हणून आणखी कडक स्प्रिंग घालायच्या, असे हे चक्र सुरू होते.

त्यातच भारतातली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा मुळात उंच ठेवलेली आहे. जर्मनीत तयार होणाऱ्या स्प्रिंगच्या डब्यावर ‘तीस मिलिमीटर खाली’ असे लिहिलेले असते, ते तिथल्या गाडीच्या उंचीवरून मोजलेले असते. तीच स्प्रिंग इथल्या गाडीत बसवली की गाडी तीसपेक्षा अधिक खाली जाते. हा फरक विकत घेण्यापूर्वीच विचारात घ्यावा लागतो.

स्प्रिंगच्या कडकपणाचाही हिशेब केला. पुढच्या एका चाकाच्या वाट्याला सस्पेन्शनवर टेकलेले वजन ३३० किलो धरले आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २२ न्यूटन धरला, तर गाडीचे नाक सेकंदाला सुमारे १.३ वेळा खालीवर होऊ पाहते. नेहमीच्या प्रवासी गाड्या साधारण एक ते दीड या पट्ट्यात असतात. स्प्रिंग ३० न्यूटनची केली तर हा आकडा १.५ होतो, हे सुसह्य आहे आणि गाडी चलाख वाटते. ६० न्यूटनची केली तर तो २.१ च्या पुढे जातो, आणि आईच्या कमरेच्या दृष्टीने तो विषय तिथेच संपतो.

याच हिशेबातून आणखी एक निष्कर्ष निघतो. स्प्रिंग २२ वरून ३० न्यूटनवर नेली तर तिला आवरण्यासाठी शॉकचा रोधही सुमारे १७ टक्क्यांनी वाढवावा लागतो. जुन्या शॉकवर नुसत्या कडक स्प्रिंग चढवलेल्या गाड्या रस्त्यावर उड्या मारत का जातात, याचे उत्तर इथे आहे. खर्चाचा पहिला रुपया शॉकवर जायला हवा, स्प्रिंगवर नव्हे. या मतावर मी ठाम आहे.

शुक्रवार, उशिरा

आता शॉक कोणते, हा खरा प्रश्न. मूळचे शॉक दुहेरी नळीचे आहेत: आतल्या नळीत पिस्टन आणि तिच्याभोवती तेल साठवणारी बाहेरची नळी. लहान धक्के ते सौम्यपणे गिळतात आणि स्वस्तही पडतात. पण खराब रस्त्यावर बराच वेळ वेगाने गेले की तेल तापते, त्यात वायूचे बुडबुडे मिसळतात आणि शॉकचा जोर ओसरतो. एकेरी नळीच्या शॉकमध्ये तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे दोघे एकत्र येत नाहीत, आणि तेल बाहेरच्या भिंतीला थेट लागून असल्याने उष्णताही चटकन निघून जाते. फ्रान्सच्या द कार्बाँ यांच्या कल्पनेवर आधारलेले हे शॉक जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीने १९५७ साली मर्सिडीजच्या नियमित उत्पादनातल्या गाड्यांना दिले. त्याची उणी बाजू अशी की वायूच्या दाबामुळे सील घट्ट ठेवावे लागते, त्याचे घर्षण वाढते आणि अगदी बारीक खडबडीतपणा थोडा अधिक जाणवतो. बाहेरच्या नळीला दगडाने पोचा पडला तर पिस्टन अडकू शकतो, हेही आहे. तरीही घाटाचा लांब उतार, मागे आई आणि सामान, आणि पावसाने उखडलेला रस्ता असा प्रसंग डोळ्यांपुढे आणला की मला एकेरी नळीचाच शॉक हवासा वाटतो.

बिल्स्टाइनचा बी ६ हा मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असतो, तर बी ८ हा आखूड केलेला, खाली बसवलेल्या गाडीसाठी. कॉइलओव्हरमध्ये (शॉकवरच स्प्रिंग असलेला आणि तिची बैठक आट्यांवर फिरवून उंची बदलता येणारा संच) बी १४ उंची बदलू देतो, पण त्याचा रोध ठरलेलाच असतो. केडब्ल्यू या कंपनीच्या दुसऱ्या प्रकारात चाक खाली उतरतानाचा रोध बदलता येतो आणि तिसऱ्यात वर जातानाचाही. कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकमध्येही उतरतानाचा रोध बदलता येतो. कॉइलओव्हरची कारागिरी मला मनापासून आवडते. परंतु ज्याला उंची बदलायचीच नाही, त्याने उंची बदलण्याच्या आट्यांसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही, आणि आपल्या पावसाळ्यातला चिखल त्या आट्यांत बसून त्या गंजतात, हेही मी इतरांच्या गाड्यांखाली वाकून पाहिले आहे.

त्यामुळे माझा कौल बी ६ आणि मूळ उंचीच्या स्प्रिंगकडे आहे. एक शंका मात्र उरते, आणि ती कालच्याच उंचीच्या फरकातून येते. हे शॉकही युरोपातल्या उंचीसाठी बनवलेले आहेत. आपल्या उंच गाडीत ते उभे असतानाच अधिक बाहेर ओढलेले राहतील, म्हणजे चाकाला खड्ड्यात खाली उतरायला वाट कमी मिळेल. वर जाण्याची वाट वाढते हे चांगलेच, पण उतरण्याची फारच घटली तर खड्ड्याच्या काठावर शॉक पूर्ण ताणून ठोका देईल आणि चाक क्षणभर हवेत राहील. म्हणून पैसे देण्यापूर्वी गॅरेजमध्ये दोन मापे घ्यायची: गाडी चाकांवर उभी असतानाची शॉकची लांबी आणि उचलल्यावर पूर्ण ताणलेली लांबी. नव्या शॉकची कमाल लांबी माहितीपत्रकातून घेऊन तिच्याशी ती ताडून पाहायची. उभ्या गाडीला खाली उतरण्यासाठी निदान ५० मिलिमीटर उरत असतील तर बी ६; नाहीतर सरळ नवे मूळ शॉक घ्यायचे आणि उरलेले पैसे टायरवर घालायचे.

टायरचा विषय निघालाच आहे तर तोही इथेच. मित्र सतरा इंची चाकांचे सुचवतो. माझ्या १८५/६० आर १५ टायरची बाजूची भिंत १११ मिलिमीटर आहे. २१५/४५ आर १७ ची ९७ होते. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग असल्याने तिथले चौदा मिलिमीटर घालवून पुढे महागड्या शॉकने ते भरून काढण्याची धडपड मला करायची नाही. शिवाय जड चाक शॉकला आवरावे लागते, ते वेगळेच. पंधरा इंच राहतील, टायर उत्तम प्रतीचे घेईन.

अँटी-रोल बारला, म्हणजे वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांड्याला, सध्या हात लावणार नाही. त्याचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे १८ मिलिमीटरचा २० चा केला तरी तो सुमारे ५२ टक्क्यांनी कडक होतो. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत पुढचा बार कडक केला तर वळणातून निघताना आतले चाक हलके होऊन फिरू लागते. मागचा कडक केला तर नाक आत वळते, पण पावसात अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर येण्याची शक्यता वाढते. ताम्हिणीच्या जुलैमधल्या ओल्या रस्त्यावर मला मागून शांत असलेली गाडी हवी आहे.

बुशच्या, म्हणजे सांध्यांतल्या रबरी गादीच्या, बाबतीत कडक पॉलियुरेथेनचा मोह टाळून कंपनीचेच रबर घ्यायचे. लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे वरचे माउंटिंग आणि त्यातले बेअरिंग, बंप स्टॉप, धूळरोधक रबर हे सगळे याच वेळी नवे घालायचे, कारण मजुरी एकदाच द्यावी लागते. मूळ उंची आणि मूळ रचना राखण्याने आणखी एक चिंता मिटते. कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. शॉकची जोडी बदलण्यापूर्वीही मी विमा कंपनीला लेखी कळवणार आहे. अपघातानंतर त्यावरून वाद घालत बसायची माझी तयारी नाही.

उद्या सकाळी मिस्त्रींकडे गाडी मापासाठी न्यायची आहे. काम प्रत्यक्ष होईल तेव्हाची एक सूचना आताच लिहून ठेवतो. लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना अखेरचे आवळायचे नाहीत. चाकांवर गाडीचे पूर्ण वजन आल्यावरच आवळायचे. नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि थोड्याच महिन्यांत फाटते. त्यानंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे), आणि स्प्रिंग व रबर जागेवर बसल्यावर काहीशे किलोमीटरांनी पुन्हा एकदा अलाइनमेंट.