तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कोर्सचा उपयोग झाला का?

गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत विचारलंत, डोहाळेजेवणात विचारलंत, एकदा तर पार्किंगमध्ये गाडीची काच खाली करायला लावून विचारलंत. "तू तो 'विमेन ऑफ कलर'वाला लीडरशिप प्रोग्रॅम केला होतास ना? काही उपयोग झाला का गं? आमच्या मुलीला तिच्या ऑफिसात विचारतायत." दरवेळी मी "हो, छान असतो" म्हणून मठ्ठा आणायला पळाले. आज नीट सांगते.

झाला. नऊ महिन्यांचा तो प्रोग्रॅम 2018 मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी मी मॅनेजर झाले. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर, घरी काढलेली वर्षं तुम्हाला सांगायला नकोत. 2015च्या मे महिन्यात कामाची परवानगी मिळायला लागली तेव्हा तुमच्यातल्या निम्म्याजणी माझ्याबरोबरच रेझ्युमे लिहीत होत्या. एवढ्या उशिरा सुरुवात करून चार वर्षांत टीम हातात आली, याची मला लाज वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

'विमेन ऑफ कलर' म्हणजे गोऱ्या नसलेल्या बायका. त्या 'कलर'चं मला हसू यायचं. लग्नाच्या जाहिरातीत बाबांनी 'गोरी' लिहिलं होतं, मुलाकडच्यांनी पाहून ते 'गव्हाळ' केलं, आणि न्यू जर्सीत येऊन मी सरळ 'कलर'च झाले. हे नाव आलं कुठून, ते प्रोग्रॅममध्ये कुणी सांगितलं नाही. मीच नंतर शोधलं. 1977 मध्ये ह्यूस्टनला राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. कृष्णवर्णीय बायका आपला मसुदा घेऊन आल्या होत्या. बाकीच्या अल्पसंख्याक बायका म्हणाल्या, आम्हालाही यात घ्या. त्या बोलाचालीतून हे नाव निघालं, असं अमेरिकन कार्यकर्त्या लोरेटा रॉस सांगतात. म्हणजे बायकांनी एकमेकींना दिलेला शब्दच होता तो.

प्रोग्रॅममध्ये आमच्या जोड्या लावल्या होत्या. माझ्या जोडीला आमच्याच विभागातली एक कृष्णवर्णीय बाई होती, नोकरीत माझ्याहून जुनी. तिसऱ्या सत्रात शिकवलं की जोडीदारीण खोलीत नसेल तिथे तिच्याबद्दल चांगलं बोलायचं. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. तिनं तर माझ्यादेखतच केलं. डेटा तपासायची एक पद्धत मी मीटिंगमध्ये सुचवली होती. कुणी हूं की चूं केलं नाही. दहा मिनिटांनी एका गृहस्थांनी तीच आपली म्हणून मांडली आणि सगळे माना डोलवायला लागले. ती म्हणाली, "हे हिनं आत्ताच सांगितलं. ऐकू आलं नाही का?" सगळे चिडीचूप. मी टेबलाखाली तिचा हात दाबला.

2019 मध्ये जागा निघाली, एकच. आम्ही दोघींनी अर्ज केला. एका शुक्रवारी बॉस कॉफीचा कप घेऊन माझ्या टेबलाशी आला. वीकेंडचं वगैरे बोलून झालं आणि मग सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "तुम्ही दोघी त्या प्रोग्रॅममध्ये बरोबर होतात. ती टीम सांभाळेल असं वाटतं तुला?"

मी म्हटलं, "कामात तिचा हात कुणी धरणार नाही. फक्त कधीकधी जरा ताडकन बोलते."

एवढंच. दोन वाक्यं, आणि त्यातलं पहिलं कौतुकाचं. तो "थँक्स" म्हणून गेला.

तीन आठवड्यांनी ती जेवणाच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसली. माझ्या डब्यात भेंडी होती, ते अजून आठवतं. नकाराचं पत्र तिनं फोनवर वाचून दाखवलं. काम उत्तम, पण बोलण्यानं माणसं दुखावतात. "कुणी सांगितलं असेल गं हे?" मी म्हटलं, "काय माहीत." तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग माझं अभिनंदन केलं. सहा महिन्यांत ती दुसरीकडे गेली.

तेव्हाची मी अजून भांडते. विचारल्यावर खोटं बोलायचं का? आणि त्या वर्षी सरकार एच-फोरची परवानगीच काढून घ्यायच्या गोष्टी करत होतं. तिची नोकरी अशी कुणाच्या व्हिसाला टांगलेली नव्हती. हे खरंच आहे. पण तेच ताडकन बोलणं माझ्या कामी आलं, तेव्हा मला कुठे खुपलं होतं?

मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही नोकरदार बायकांसाठी काम करणारी संस्था, यांच्या 2024च्या अहवालात पहिल्या बढतीचे आकडे आहेत. दर 100 पुरुष मॅनेजर होतात तेव्हा आशियाई बायका 99 आणि कृष्णवर्णीय बायका 54. नाव दोघींचं एकच, 'विमेन ऑफ कलर'. मधल्या पंचेचाळिसांत माझं ते 'फक्त' कुठे बसतं, कोण जाणे.

तर मुलीला पाठवा. शिकवतात चांगलं. मीही चांगलीच विद्यार्थिनी होते, वही अजून जपून ठेवली आहे.

त्याचं आधीच ठरलेलं असणार, माझ्या बोलण्यानं काय फरक पडणार होता, असं मी अजूनही म्हणते. "मग तो विचारायला कशाला आला होता?" नवरा विचारतो. त्यावर मी भांडी लावायला उठते.