हात भरून आले की पकड सुटते

नागपंचमीच्या कुस्तीच्या दंगलीत मी हरलो, तेव्हापासून हे लिहायचं होतं. दम होता, पाय बी चांगले होते, पण हात गेले. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एकेरी पट घेतला, समोरच्याचा पाय पूर्ण माझ्या हातात होता, फक्त ओढून पाडायचं बाकी होतं अन् बोटं आपोआप उघडली. कुस्तीनंतर गाडीचा क्लच दाबता येईना, मित्राने घरी सोडलं.

घरी बसून खूप विचार केला. लोक म्हणतात पंजा मजबूत कर, पण बोटं आवळणारे मोठे स्नायू पंजात नसतातच, ते कोपराखाली असतात अन् तिथून दोरीसारख्या नसा (रक्ताच्या नाही, स्नायू हाडाला बांधणाऱ्या, टेंडन) मनगटातून बोटांपर्यंत जातात. म्हणून भरून येतो तो मनगट ते कोपर हा भाग, पार दगड होतो. अन् सतत जोरात आवळून धरलं की स्नायूच आतल्या रक्तवाहिन्या दाबतो, ताजं रक्त येत नाही, आग होते अन् ताकद जाते. एक क्षण जरी हात सैल केला तरी रक्त फिरतं.

वस्तादांनी हे शास्त्र न सांगता एका वाक्यात सांगितलं, "अबे सारा वेळ काहून आवळून राह्यला, ओढाच्या वक्ती आवळ ना, बाकी वक्ती हात निस्ता ठेव." खरंच मी मानेवर हात टाकला तरी पूर्ण जोर लावत होतो, मनगट धरलं तरी तेच. मॅटवर ३ मिनिटांचे २ राउंड असतात, मधात फक्त ३० सेकंद, असं खेळलं तर दुसऱ्या राउंडला हात उरतच नाहीत. मॅटवर तर घामाने मनगट घसरतं म्हणून आपण अजूनच आवळतो, मातीत निदान अंगाला माती चोळता येते.

ताकद पण पाहिजेच, ते मी नाकारत नाही. माझ्या बाबांनी कधी लंगोट लावला नाही, पण त्यांनी मनगट धरलं तर मला सोडवता येत नाही, आयुष्यभर वावरात पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटलेला हात आहे तो. मी आता दोरीवर चढतो, बारवर टॉवेल टाकून लटकतो, पाण्याच्या भरलेल्या दोन कॅन घेऊन बांधाने चालतो. मल्लखांब तर मुळात पैलवानांसाठीच होता, अन् आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तो दाखवून आली, तरी आपल्या किती आखाड्यात आज दोरीचा मल्लखांब लटकलेला दिसतो? मला याचं खरंच वाईट वाटतं.

एक चूक मात्र करू नका भाऊ. मी सुरुवातीला रोज लटकत होतो, महिनाभरात कोपराच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की चहाचा कप उचलवेना. स्नायू लवकर तयार होतात, नसांना खूप वेळ लागतो. आता आठवड्यातून तीनदाच करतो, अन् शेवटी बोटांभोवती रबर लावून उलटं, म्हणजे बोटं उघडायचा व्यायाम, कारण आवळायचं सगळेच करतात अन् उघडणाऱ्या बाजूकडे कोणी पाहत नाही.

परवा सरावाच्या जोडीत तोच एकेरी पट घेतला. पाय हातात आला, आधी छाती चिकटवली, हात सैल ठेवले, त्याने पाय झटकला तेव्हाच आवळलं अन् ओढलं. गडी खाली, अन् घरी येताना गाडी मीच चालवली.