कागदावरच्या तीन ओळी

सांगलीच्या हळद बाजारात हमाली करणारे पेशंट माझ्याकडे अधूनमधून येतात. त्यांना ओळखायला केसपेपर लागत नाही. नखांच्या कडांत, तळहाताच्या रेषांत हळद मुरलेली असते. कितीही साबण लावा, जात नाही. त्या सोमवारी आलेल्या मामांच्या फाइलवर ‘हमाल’ लिहिलं होतं आणि नखं स्वच्छ होती.

वय 46. कमरेचा पट्टा इतका आवळलेला की श्वाससुद्धा वरच्यावर चाललेला. भिंतीला हात लावत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. पायातली चप्पल मुलानं काढून दिली. एमआरआयचा रिपोर्ट नेहमीचाच होता: कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली, थोडी झीज. पायांची ताकद पाहिली, स्पर्श कळतो का पाहिलं, लघवी-संडासवर ताबा आहे ना विचारलं. घाबरण्यासारखं काहीच निघालं नाही. मग वाकायला सांगितलं. हात गुडघ्यापर्यंतही गेले नाहीत. त्याआधीच जबडा आवळला, श्वास अडला आणि पाठीचे स्नायू माझ्या बोटांखाली दगडासारखे झाले.

“मामा, वाकलात तर काय होईल असं वाटतं?”

“मणका मोडंल. गॅप हाय न्हवं मणक्यात. मग कमरंखाली लुळा. बायकोनं किती वर्सं करायचं?”

“मोडेल असं कोण म्हणालं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. अक्षर माझं होतं. वाकू नये. वजन उचलू नये. खाली बसू नये. खाली माझी सही, 14 महिन्यांपूर्वीची तारीख.

मला आठवलं. त्या दिवशी ते कळवळत आले होते आणि बाहेर पेशंटची रांग होती. पहिले थोडे दिवस जपा, एवढंच मला म्हणायचं होतं. ‘थोडे दिवस’ हे शब्द कागदावर नव्हते. पुढच्या वेळी सांगू असं मी गृहीत धरलं आणि ते पुन्हा आलेच नाहीत. 14 महिने त्या तीन ओळी त्यांनी एखाद्या व्रतासारख्या पाळल्या. जमिनीवर पंगतीला बसले नाहीत. भाचीच्या लग्नात उभ्यानं जेवले. हमालांच्या टोळीतलं नाव गेलं. “माझा बाप हरिपूरच्या पेवात, जमिनीखालच्या कोठारात उतरून हळद काढायचा,” ते म्हणाले. “मी 50 किलोचं पोतं पाठीवर टाकून पळायचो. आता पोरगं चप्पल काढतंय. मी कोन हाय मग?”

दुखणं खोटं नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. ‘तुमच्या मनाचे खेळ’ असं म्हणून पेशंटला वाटेला लावणारे लोक मला सहन होत नाहीत. धोका आहे असं मेंदूनं धरलं की तो पाठीचे स्नायू आवळून धरतो. आवळलेले स्नायू दुखतात, दुखलं की धोक्याची खात्री पटते, माणूस हालचाल टाळतो आणि टाळल्यानं पाठ दुबळी होत जाते. 2000 साली व्लायेन आणि लिंटन यांनी मांडलेलं भीतीचं हे चक्र मी परीक्षेला पाठ केलं होतं. ते आपल्या अक्षरात कुणाच्या पिशवीतून निघेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

“हा कागद अर्धवट आहे, मामा. चूक माझी आहे,” मी म्हणाले. ते गप्प राहिले. मग मी त्यांना 2015 साली छापून आलेला अभ्यास सांगितला. पाठ अजिबात दुखत नसलेल्या 3110 माणसांचे रिपोर्ट एकत्र पाहिले, तेव्हा चाळिशीतल्या जवळपास निम्म्यांची गादी फुगलेली निघाली. विशीतही दहातल्या तिघांची.

“आन् त्यांना दुखत न्हाई?”

“नाही.”

“मग माझंच का दुखतंय?”

याहून रास्त प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. मी म्हणाले, पहिल्यांदा लचक भरली असेल, गादीनंही त्रास दिला असेल. पण अशी गादी बऱ्याचदा आपोआप शांत होते. आता तुमची पाठ राखणदारासारखी 14 महिने जागी आहे, तिला झोपायला सांगू या.

पट्टा सोडला. स्टुलावर बसून हात मांडीवरून नडगीवर सरकवायचे, श्वास सोडत. दोनदा नडगीपर्यंत जाऊन ते थांबले. मान तिरकी करून थांबत होते. मला आधी कळेना, मग लक्षात आलं की ते कान देत होते. मोडल्याचा आवाज येतोय का, ते ऐकत होते. आठव्या की नवव्या वेळी बोटं फरशीला लागली आणि तिथेच राहिली. मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला.

“आवाज आला न्हाई,” मामा म्हणाले.

शेवटी मी पाच किलोची वाळूची पिशवी जमिनीवर ठेवली आणि उचलून दाखवली, पुस्तकातल्यासारखी, पाठ ताठ ठेवून. त्यांनी मान हलवली. “असं न्हाई मॅडम. आधी पोतं अंगाला लावून घ्यायचं. मग ते आपलंच होतं.” पुढे झाले, दुखतंय म्हणाले आणि उचलली. त्या एका वाक्यात त्यांचा आवाज बदलला होता. वीस वर्षं टोळीत काढलेला माणूस मला काम शिकवत होता.

त्यानंतर दहा आठवडे ते येत राहिले. संध्याकाळी अजूनही दुखतं. जमिनीवर बसतात, चप्पल स्वतः काढतात. 50 किलोपर्यंत अजून आलेले नाहीत, येतील की नाही सांगता येत नाही.

पण त्या सोमवारी निघताना मी नवा कागद लिहून दिला, कोणती गोष्ट किती दिवसांसाठी ते प्रत्येक ओळीपुढे घालून. त्यांच्याकडून वाचूनही घेतला. मग जुना मागितला.

त्यांनी तो छातीशी धरला. “हा दावला की घरात कुनी काय बोलत न्हाई. टोळीवाले बी बोलत न्हाईत. राहू दे माझ्याकडं अजून थोडं दिवस.”

मी राहू दिला.