आमची वाटचाल : प्रत्येक टीमला तिचा स्वतःचा आकडा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा आमचा छोटा कारखाना आहे. महिन्याची उलाढाल हा मालकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा असला, तरी लेथवर उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या हातात ना कच्च्या मालाचा दर असतो, ना ग्राहकाची मागणी. म्हणून प्रत्येक टीमला तिच्याच कामामुळे वरखाली होईल असे उद्दिष्ट द्यायचे, हे आमच्याकडे ठरलेले आहे.

सर्वांत जास्त विचार सेटिंगच्या, म्हणजे एका प्रकारच्या नगांचे काम (जॉब) संपल्यावर पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करणाऱ्या टीमसाठी करावा लागला. ‘सेटअपचा वेळ कमी करा’ एवढे सांगून भागत नाही, कारण तो वेळ कुठून कुठपर्यंत मोजायचा यावरच दोन शिफ्टमध्ये वाद होतो. आधीच्या जॉबचा शेवटचा चांगला नग उतरल्यापासून पुढच्या जॉबचा पहिला नग तपासणीत मंजूर होईपर्यंतचा सगळा वेळ आम्ही सेटअपमध्ये धरतो, आणि दोन्ही वेळा सेटर स्वतः मशीनशेजारच्या फळ्यावर लिहितो. या नोंदी डोळ्यांसमोर आल्यावर, जॉज (नग पकडणारे जबडे), इन्सर्ट (कापणारी पाती) आणि गेज (मापे तपासण्याची साधने) आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर काढून ठेवावेत, हे सेटर मंडळींनीच सुचवले. मशीन बंद असण्याचा बराचसा वेळ या शोधाशोधीतच जात होता.

गुणवत्तेच्या बाबतीत टप्प्याटप्प्याचे आकडे फसवे असतात. टर्निंग, ड्रिलिंग, ग्राइंडिंग आणि डीबरिंग (कडांवरची धारदार कूस काढणे) या चारही टप्प्यांवर प्रत्येकी ९८ टक्के नग पहिल्याच वेळी चांगले निघाले, तरी रीवर्कशिवाय, म्हणजे दुरुस्ती न करावी लागता, शेवटपर्यंत पोहोचणारे नग सुमारे ९२ टक्केच उरतात. त्यामुळे दुरुस्त करून वाचवलेला नग आम्ही या हिशेबात चांगला धरत नाही, मग तो डिस्पॅचला गेला तरीही.

‘स्मार्ट’ (SMART) उद्दिष्टांची कल्पना मांडणारे जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली उद्दिष्टांच्या ज्या पाच कसोट्या मांडल्या, त्यांत काम नेमके कोणावर सोपवले आहे, ही एक होती. मला ती सर्वांत मोलाची वाटते. आमच्या फळ्यावर प्रत्येक आकड्यासमोर एकाच व्यक्तीचे नाव असते.

रिजेक्शनचा आकडा बोनसशी जोडण्यास मात्र माझा ठाम विरोध आहे. पैसे कापले जाणार असतील, तर सदोष नग लाल पेटीत न पडता चांगल्या मालात मिसळण्याची भीती असते, आणि तोच नग ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडणे कितीतरी महागात पडते.

द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या कामगारांच्या सुट्ट्या वाढतात, म्हणून तिमाहीची उद्दिष्टे सुपरवायझर आणि ऑपरेटर यांच्यासोबत बसूनच ठरतात. मेंटेनन्स टीमसाठी सध्या दोन बिघाडांमधला सरासरी काळ नोंदवणे सुरू केले आहे. त्यांचे उद्दिष्ट पूर्ण तिमाहीच्या नोंदी हाती आल्यावरच ठरेल.