पोटाखालून गेलेला चिवावा

"हे दोघं एकाच प्रजातीचे? काहीतरीच काय, मामा!" ग्रेट डेन या धिप्पाड कुत्र्याच्या पोटाखालून चिवावा हा चिमुकला कुत्रा खुशाल चालत पलीकडे गेला, तेव्हा भाची म्हणाली.

दिवसभर ते डोक्यातून जाईना. एक जेमतेम २ किलोचा, दुसरा ६० किलोंच्या घरातला. तरी दोघंही कुत्रेच. आकारातल्या या तफावतीत आयजीएफ-१ या एका जनुकाचा मोठा वाटा आहे.

उलट वाघ-सिंह घ्या. पट्टे आणि आयाळ काढा, नुसत्या सांगाड्यावरून कोण कुठला हे सांगताना जाणकारही अडखळतात. आणि प्रजाती मात्र वेगळ्या!

कुत्र्यांतलं हे वैविध्य माणसानंच निवडून निवडून घडवलं. चपट्या तोंडाचा पग श्वासासाठी धापा टाकतो, तेही त्यातूनच आलं. ते मला फार खटकतं. दिसण्यासाठी एखाद्या जिवाचं शरीर किती ताणायचं?