पौर्णिमेचे सण

तुमच्या महोत्सवाचं निमंत्रण मिळालं, आणि शाळेतला एक तास आठवला. नववीत भूगोलाच्या सरांनी अधिक महिना शिकवताना मला उभं केलं. "काय गं, तुमच्या ज्यू पंचांगातही अधिक महिना असतो ना?" घरी पपांना विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं: असतो, १९ वर्षांत ७ वेळा, आणि तो नेहमी अदार महिन्यालाच जोडतात. सरांनी लगेच फळ्यावर दोन रकाने पाडले, एकात आमचे सण, दुसऱ्यात हिंदूंचे, सगळे पौर्णिमेच्या आसपासचे. पुरीम आणि होळी. पेसाह आणि चैत्री पौर्णिमा. सुक्कोथ आणि कोजागिरी. "कधीकधी महिनाभराचा फरक पडतो, पण चंद्र तोच," असं म्हणून ते खतांच्या धड्याकडे वळले. आमच्या घरात पुरीमला 'होळीचा सण' का म्हणतात, हे मला त्या तासाला कळलं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागच्या इस्रायल आळीत आमचं घर, देऊळ म्हणजे मागेन आबोथ सिनेगॉग. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आमची मूळ कथा. पुढे कोकणात तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी, ते बंद ठेवले, म्हणून 'शनवार तेली'. धर्मग्रंथ समुद्रात गेले असं म्हातारी माणसं सांगत. मग सण निभावले ते आठवणीवर आणि आजूबाजूला जे मिळेल त्यावर. द्राक्षाची दारू कुठून आणणार? काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या, त्या शरबतावर किद्दुश, म्हणजे सणाची प्रार्थना. सुक्कोथच्या मांडवाला माडाच्या झावळ्या. पेसाह आला की भिंतींना चुना आणि भांड्यांना कल्हई. हनुक्का हा दिव्यांचा सण मात्र पूर्वजांना ठाऊकच नव्हता, तो फार नंतर आला.

शाळेतल्या मैत्रिणींना या सगळ्याशी घेणं नव्हतं. त्यांना ठाऊक होता आमच्या ज्यू नव्या वर्षाचा हलवा. गहू दोन-तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून फडक्यातून चीक काढायचा. तो खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं. मग त्यात नारळाचं दूध, साखर आणि चिमूटभर मीठ घालून मोठ्या पातेल्यात ढवळत बसायचं. आमच्यात मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून गाईच्या दुधाचं काम नारळ करतो. कोकणात राहून हे सुचलं नसतं तरच नवल! ढवळणं दोन-तीन तास चाले, हात भरून येत. शेजारच्या काकू "सर गं, मी धरते" म्हणत पदर खोचून कालथा घ्यायच्या. हलवा पातेल्याची कड सोडू लागला की वेलदोडा, जायफळ, वर बदाम-पिस्ते. थंड झाल्यावर वड्या. पहिली वडी घरच्यांची, पण दुसऱ्या दिवशी डबा वर्गात.

परतफेड गणपतीला होई. देवापुढे ठेवलेलं आम्ही खात नाही, हे माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या आईला न सांगता ठाऊक होतं. नैवेद्य दाखवायच्या आधीच ती पाच मोदक वेगळ्या वाटीत काढून ठेवायची. सर्वधर्मसमभावावर आपण शाळेत बरेच निबंध लिहिले. त्या वाटीइतका नेमका एकही नव्हता, माझा तर नव्हताच.

आता मी इस्रायलमध्ये, लोदला असते. इथे आमचे सण सरकारी सुट्टीचे, पेसाहची बिनखमिराची भाकरी दुकानात खोक्यांतून मिळते, मनुकांचं शरबत करायची गरज उरलेली नाही. माझ्या घरी मात्र होतं. आमच्या आधी इथे आलेल्या बेने इस्रायलांना आपण पुरते ज्यू आहोत हे पटवून देण्यासाठी आंदोलन करावं लागलं. १९६४ साली सरकारने ते स्पष्टपणे मान्य केलं. तरीही मलिद्याबद्दल, म्हणजे प्रार्थनेनंतरच्या गोड पोह्यांच्या ताटाबद्दल, "हे कुठे लिहिलंय?" असं विचारणारे भेटतात. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला हा देश झाडं लावतो. आम्हा बेने इस्रायलांसाठी तो एलियाहू हन्नबीचा, म्हणजे एलिया पैगंबरांचा दिवस. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, असं आम्ही मानतो. म्हणून सकाळी नातवंडं शाळेत रोपं लावतात आणि संध्याकाळी आमच्याकडे गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, फळं, गुलाबाच्या पाकळ्या. प्रार्थना हिब्रूत, "अगं खोबरं कमी पडलं" मराठीत. सूनबाई मोरोक्कोच्या घरातली. ती पोह्यांत डाळिंबाचे दाणे घालते. कुरकुरणाऱ्या बायका आहेत. मला विचाराल तर कोकणात आपणही हेच केलं होतं.

महोत्सवाचा कार्यक्रम शनिवारी ठेवलाय. मी नक्की येणार, पण माझं बोलणं दिवेलागणीनंतर, शब्बाथ सुटल्यावर ठेवा, म्हणजे माईक हातात घेता येईल. हलवा शुक्रवारीच करून ठेवीन. ढवळायला दोघी-तिघी लागतील, नावं आधी कळवा.